पेटीतील गिनी आणि तिच्यावरील मुखवटा

"आजीच्या वेळच्या गिन्या घरात आहेत. त्या खऱ्या की खोट्या? मोडाव्यात की ठेवाव्यात?" असा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत तीन निरनिराळ्या घरांतून आमच्यापुढे आला. सोन्याचा भाव चढू लागला की पेटीच्या तळाशी गेलेली पुरचुंडी वर येते, हा नेहमीचा अनुभव आहे. सोन्याची पारख करणे हे सराफाचे काम. आम्ही त्यात पडू इच्छीत नाही. तथापि नाण्यावर जे कोरलेले आहे ते वाचता येणे ही निराळी गोष्ट आहे. ती विद्या फार अवघड नाही, आणि जिच्या घरी तीन-चार गिन्या आहेत त्या माउलीला ती अवगत असेल तर दुकानाच्या पायरीवर तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. म्हणून या खेपेचे सदर आम्ही सोन्याच्या नाण्यांना दिले आहे.

नाण्यावर राजाचा मुखवटा का असतो, हे प्रथम पाहू. सोन्याचा तुकडा हाती आला की दोन शंका येतात: वजन पुरे आहे काय, आणि कस खरा आहे काय? दर व्यवहारात तराजू व कसोटी काढावी लागली तर बाजारच बंद पडेल. म्हणून राज्यकर्त्याने त्या तुकड्यावर आपला ठसा उमटविला. त्याचा अर्थ एवढाच की, याच्या वजनाला व कसाला मी जामीन आहे. आरंभी हा ठसा सिंहाचा, बैलाचा अथवा देवतेचा असे. अलेक्झांडरच्या पश्चात त्याचे सेनापती राजे झाले, आणि इजिप्तमध्ये पहिल्या टॉलेमीने जिवंतपणीच आपला चेहरा नाण्यावर कोरविला. रोममध्ये हा मान इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी ज्युलियस सीझरने घेतला. त्याच वर्षी त्याचा खून झाला. पुढील सर्व रोमन सम्राटांनी हीच वहिवाट चालविली. प्रभू येशूपुढे कराचा प्रश्न टाकणाऱ्यांनी जे नाणे आणून दाखविले, त्यावर कैसराचा मुखवटा व लेख होता, हे आपण शुभवर्तमानात ऐकतोच. ते नाणे रुप्याचे दिनार असून त्यावर बहुधा तिबेरियसचा मुखवटा असावा, असे जाणकार मानतात. मजुराची एका दिवसाची मजुरी म्हणजे एक दिनार. आणि असे पंचवीस दिनार मिळून सोन्याचे एक नाणे होई. सोन्याच्या नाण्यावरही तोच मुखवटा. गरिबाच्या हाती आलेला कैसर रुप्याचा होता, इतकाच काय तो फरक.

आता आपल्या गिनीकडे वळू. आपण जिला गिनी म्हणतो ती वस्तुतः गिनी नव्हे, हे ऐकून काही वाचकांस नवल वाटेल. खरी गिनी इंग्लंडात दुसऱ्या चार्ल्स राजाच्या कारकिर्दीत, १६६३ साली निघाली. तिचे सोने आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून आले म्हणून लोकांनी तिला ते नाव दिले. तिची किंमत पुष्कळ वर्षे वरखाली होत होती. १७१७ साली ती २१ शिलिंग ठरली. त्या वेळी टाकसाळीचा प्रमुख सर आयझॅक न्यूटन होता, तोच गुरुत्वाकर्षणवाला. ही गिनी १८१४ पर्यंत चालली. पुढे १८१७ साली तिच्या जागी वीस शिलिंगांचे, म्हणजे एका पौंडाचे, नवे नाणे आले. त्याचे नाव सॉव्हरिन. आपल्या आजोबा-पणजोबांनी मुंबईच्या बाजारात पाहिले ते हे सॉव्हरिन. पण जिभेवर नाव जुन्या नाण्याचेच राहिले. १८९९ च्या कायद्याने ते हिंदुस्थानात पंधरा रुपयांच्या दराने चलन ठरले होते. म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी गिनी म्हटली की पंधरा रुपयांचा हिशेब असे.

या सॉव्हरिनचे माप दोनशे वर्षांत बदललेले नाही. वजन ७.९८८ ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने सव्वाआठ माशांस किंचित कमी. व्यास २२ मिलिमीटरहून केसभर अधिक आणि जाडी सुमारे दीड मिलिमीटर. कस २२ कॅरट, म्हणजे बारा भागांत अकरा भाग सोने व एक भाग बहुधा तांबे. शुद्ध सोने मऊ असते आणि हातोहाती झिजते. तांब्याच्या मिश्रणाने त्याला कणखरपणा येतो. हिशेब केला तर एका गिनीत ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने भरते. हा एकच आकडा वाचकांनी भिंतीवर लिहून ठेवला तरी चालेल. त्या दिवशीचा २४ कॅरट सोन्याचा एका ग्रॅमचा भाव घ्यावा आणि त्यास ७.३२ ने गुणावे; ती गिनीतील सोन्याची किंमत झाली. सराफ आपले काही वजा करील, ते रास्त आहे. पण कशातून किती वजा झाले हे तरी आपल्याला कळेल. कडेचे कंगोरे देखील शोभेसाठी नाहीत. पूर्वी लबाड लोक नाण्याची कड कातरून सोन्याचा कीस जमवीत. कंगोरे असले की कातरलेली कड तत्काळ दिसते.

एका बाजूस राजा किंवा राणी, आणि दुसऱ्या बाजूस बहुधा घोड्यावर बसून सर्पासुरास मारणारे संत जॉर्ज. हे चित्र रोम शहरी जन्मलेल्या बेनेदेत्तो पिस्त्रुची या कारागिराचे आहे. तो पुढे लंडनच्या टाकसाळीत काम करीत असे. १८२५ च्या सुमारास संत जॉर्ज जाऊन त्यांच्या जागी राजचिन्हांची ढाल आली. १८७१ साली संत पुन्हा परतले, परंतु ढालीची नाणीही पुढे काही वर्षे निघतच होती. म्हणून राणीच्या गिनीवर घोडा नसून ढाल असेल तर तिला खोटी समजू नये. लंडनच्या ढालीच्या नाण्यावर साल शोधावयाचे ते राणीच्या मानेखाली.

मुखवट्याची गंमत अशी की, दुसऱ्या चार्ल्सपासून एक राजा ज्या दिशेस पाहतो त्याच्या विरुद्ध दिशेस त्याचा वारस पाहतो, असा तिकडे शिरस्ता आहे. तिसरा जॉर्ज उजवीकडे पाहतो, चौथा जॉर्ज डावीकडे, चौथा विल्यम उजवीकडे, व्हिक्टोरिया राणी डावीकडे, सातवा एडवर्ड उजवीकडे, पाचवा जॉर्ज डावीकडे. मग १९३६ साली आठवा एडवर्ड आला. आपली डावी बाजू अधिक चांगली दिसते म्हणून त्याने डावीकडेच पाहण्याचा हट्ट धरला! त्याने त्याच वर्षी राज्यत्याग केला आणि त्याची नाणी चलनात आलीच नाहीत. नमुन्यादाखल जी थोडी पाडली होती त्यांतील सोन्याचे एक सॉव्हरिन २०२० साली दहा लक्ष पौंडांस विकले गेले. त्याच्या मागून आलेला सहावा जॉर्ज डावीकडेच पाहतो. एडवर्डने उजवीकडे पाहिले असे गृहीत धरून टाकसाळीने शिरस्ता सांभाळला. एलिझाबेथ राणी उजवीकडे, आणि २०२२ पासून तिसरा चार्ल्स डावीकडे.

आपल्या पेट्यांत बहुधा व्हिक्टोरिया राणीच आढळते, आणि तीही तीन वयांची. १८३८ ते १८८७ पर्यंतच्या नाण्यांवर ती तरुण असून केस फितीने बांधलेले आहेत. १८८७ साली राज्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा डोक्यावर लहानसा मुकुट आला. १८९३ पासून ती वृद्ध, पदर घेतलेली. एकाच पुरचुंडीत तीन चेहरे निघाले म्हणून तीन राण्या मानण्याचे कारण नाही. त्यानंतर दाढीचे दोन राजे: टक्कल पडलेला सातवा एडवर्ड, १९०२ ते १९१०, आणि भांग पाडलेला पाचवा जॉर्ज, १९११ पासून. नावे लॅटिन भाषेत असतात आणि तेथे 'यू' हे अक्षर 'व्ही' सारखे कोरलेले असते, त्यामुळे जॉर्जचे नाव वाचताना मुले अडखळतात.

लेखातील अक्षरांपैकी दोन जोड्यांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली 'डी. जी.', म्हणजे देवाच्या कृपेने. १८४९ साली रुप्याच्या एका नव्या इंग्रजी नाण्यावरून ही अक्षरे गाळली गेली, तेव्हा लोकांत इतका गहजब झाला की पुढे ती परत घालावी लागली. दुसरी जोडी 'एफ. डी.', म्हणजे श्रद्धेचा संरक्षक. ही पदवी आठव्या हेन्रीस दहावे लिओ या पोपमहोदयांनी १५२१ साली दिली, कारण ल्यूथरच्या मताविरुद्ध सात संस्कारांचे समर्थन करणारा ग्रंथ त्या राजाने लिहिला होता. पुढे तोच राजा ख्रिस्तसभेपासून फुटला आणि रोमने पदवी काढून घेतली. पण इंग्लंडच्या पार्लमेंटने ती त्यास आपल्या अधिकाराने पुन्हा बहाल केली. १७१४ साली पहिल्या जॉर्जच्या काळी ती नाण्यावर आली आणि आजच्या चार्ल्स राजाच्या नाण्यावरही आहे. पोपमहोदयांची देणगी, पोपमहोदयांस न मानणाऱ्यांच्या नाण्यावर, तीनशेहून अधिक वर्षे! इतिहासाला थट्टा करण्याची सवय आहे खरी. वृद्ध राणीच्या आणि पुढील दोन राजांच्या नाण्यांवर 'इंड. इंप.' अशीही अक्षरे आहेत, त्यांचा अर्थ हिंदुस्थानचा सम्राट अथवा सम्राज्ञी.

पाचव्या जॉर्जची गिनी असेल आणि साल १९१८ असेल तर घोड्याच्या पायांखाली, सालाच्या वर, जी जमिनीची रेघ आहे तेथे भिंग लावून पाहावे. 'आय' हे अक्षर दिसले तर ती गिनी लंडनची नव्हे, मुंबईच्या टाकसाळीतील आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रावरून सोने लंडनला नेणे धोक्याचे झाले होते. म्हणून मुंबईत शाही टाकसाळीची शाखा काढण्यात आली आणि तेथे सुमारे १२ लक्ष ९५ हजार सॉव्हरिन पाडले गेले. पुढच्याच वर्षी ती शाखा बंद झाली. त्याच १९१८ साली मुंबईत पंधरा रुपयांची मोहोरही पाडली गेली. तिचे वजन व कस गिनीचाच, परंतु तिच्यावरील राजाच्या डोक्यावर मुकुट आहे, गिनीवरील राजा बोडका आहे. कंपनी सरकारची १८४१ ची मोहोर मात्र मोठी. ती बरोबर एक तोळ्याची असून तिच्यावर सिंह व ताडाचे झाड आहे.

राजांचा विषय निघालाच आहे तर ज्या नाण्यांवर राजाचा मुखवटा नाही त्यांचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्या भागात तीही पुष्कळ होती. शिवाजी महाराजांनी १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक करवून सोन्याचा होन पाडला. तो तीन ग्रॅमांहूनही हलका आहे आणि त्यावर महाराजांचे चित्र नाही. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' एवढीच अक्षरे आहेत. गोव्यात आफोन्सो द आल्बुकर्कने १५१० साली, शहर घेतल्याबरोबर, टाकसाळ उघडली. सोळाव्या शतकाच्या मध्याला तेथे सोन्याचे जे नाणे निघाले त्यावर एका बाजूस पोर्तुगालची राजचिन्हे आणि दुसऱ्या बाजूस भारताचे प्रेषित संत थॉमस. म्हणून त्याचे नावच 'सान तोमे' पडले.

आणि पुतळी! पुतळ्यांच्या माळेतील पुतळी ही मुळात व्हेनिस शहराची सोन्याची मोहोर आहे, हे कितीजणींस ठाऊक असेल? व्हेनिसमध्ये राजा नव्हता. निवडलेला प्रमुख असे, त्यास दोजे म्हणत. १२८४ साली तेथे ठरले की अगदी शुद्ध सोन्याचे, सुमारे साडेतीन ग्रॅमचे नाणे पाडावे. त्याच्या एका बाजूस ताऱ्यांनी वेढलेल्या प्रभेत प्रभू ख्रिस्त उभे असून आशीर्वाद देत आहेत. दुसऱ्या बाजूस दोजे गुडघे टेकून संत मार्क यांच्या हातून निशाण घेत आहे. जिथे इतर राजे आपली मान ताठ करून बसतात तेथे हा राज्यकर्ता गुडघ्यांवर आहे. १७९७ साली नेपोलियनने ते राज्य बुडविले, तोवर पाचशे वर्षे चित्र तेच आणि कस तोच राहिला. म्हणूनच व्यापाऱ्यांबरोबर हे नाणे आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा कोणी ते नाकारले नाही. त्यावरील दोन आकृती पाहून आपल्याकडे त्यास पुतळी म्हणू लागले. तमिळ मुलखात त्या निशाणाच्या काठीला माड समजून त्याचे नाव ताडी काढणाऱ्याचे नाणे असे पडले! मागणी इतकी की सोनारांनी घरचे ठसे करून त्याच्या नकला पाडल्या. नकलेत अक्षरे बिघडलेली असतात आणि वजन बहुधा कमी. तेव्हा माळेतील प्रत्येक पुतळी निराळी तपासावी. एकीवरून सगळ्यांचा निवाडा करू नये.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. आमच्या धर्मग्रामातील एका विधवा माउलीस मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी तीन गिन्या मोडावयाच्या होत्या. तालुक्याच्या गावी एका दुकानात तिला सांगण्यात आले की, राणीचे नाक-डोळे झिजले आहेत, सबब पाचवा हिस्सा कापावा लागेल. ती गिन्या घेऊन परत आली, हे तिने फार चांगले केले. दुसरीकडे सूक्ष्म काट्यावर तिन्ही मिळून २३.८५ ग्रॅम भरल्या. नव्या कोऱ्या तीन गिन्यांचे वजन २३.९६. म्हणजे साठ-सत्तर वर्षांच्या हाताळणीने गेले ते सुमारे ११ शतांश ग्रॅम, आणि कापले जाणार होते पावणेपाच ग्रॅम. मुखवटा झिजला म्हणजे सोने झिजले असे नव्हे; नाक हा नाण्याचा सर्वांत उंच भाग, तो प्रथम जातो. इंग्लंडच्या कायद्यातही ७.९३८ ग्रॅमपर्यंत झिजलेले सॉव्हरिन पूर्ण मोलाने घेतले जात असे. मुलाची शस्त्रक्रिया झाली, आणि त्या फरकात औषधांचा खर्च निघाला.

तपासणीची रीत साधी आहे. वजन, व्यास व जाडी ही तिन्ही एकाच वेळी बरोबर आली पाहिजेत. पितळेवर मुलामा दिलेले नाणे आकाराने बरोबर केले तर वजनात निम्म्याच्या आसपास भरते, आणि वजन बरोबर केले तर जाड होते. सराफाकडील किरणांचे यंत्र नाण्यास धक्का न लावता कस दाखवते, पण ते वरचा थर पाहते. म्हणून तराजूला पर्याय नाही. कानस लावू देऊ नये, आणि नाणे आपल्या नजरेआड नेऊ देऊ नये. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली व मध्यपूर्वेकडे खोट्या ठशांनी पाडलेली सॉव्हरिन निघाली, त्यांत सोने बहुधा पुरे असे. त्यांचे मोल केवळ सोन्याचे. उलट काही सालांच्या, क्वचित मिळणाऱ्या खऱ्या नाण्यांना संग्राहक सोन्याहून अधिक देतात. पण गळ्यात घालण्यासाठी कडी डाग देऊन बसविली असेल तर हा अधिकपणा पुष्कळसा जातो. १९२५ साल असलेली कोरी दिसणारी गिनी पाहून दचकू नये. ते साल घालून लंडनच्या टाकसाळीनेच १९४९ ते १९५२ च्या दरम्यान नाणी पाडली होती. अलीकडे सराफांनी आपली म्हणून पाडलेली आठ ग्रॅमची नाणी निराळी. त्यांवर राजा नाही, जामीन तो दुकानदार व हॉलमार्क.

काही घरांत नाण्यांविषयी अजून धास्ती आहे, तिचे मूळ १९६३ च्या सुवर्णनियंत्रणात आहे. १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द झाला. आता गिनी घरात ठेवणे गुन्हा नाही. मात्र शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरातन वस्तू ठरते आणि ते परवानगीवाचून देशाबाहेर पाठविता येत नाही. परदेशी नोकरीस असलेल्या लेकीच्या सामानात आजीची गिनी आशीर्वाद म्हणून टाकण्याचा बेत असेल तर तो आवरावा. शेतात नांगराला पुरलेले मडके लागले तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. परस्पर वाटून घेतल्यास हिस्सा तर जातोच, वर शिक्षाही होते.

ज्यांच्या घरी गिन्या वा पुतळ्या असतील त्यांनी एका कागदावर प्रत्येकीचे साल, मुखवटा व वजन लिहून तो घरातील दोघांस तरी दाखवून ठेवावा. राणीछाप रुपयांविषयीही काहींनी विचारले आहे. त्यांचा विचार पुढील खेपेस करू.